५८ हा आकडा कुठून आला

मागच्या महिन्यात फॉलोअपला गेले होते, वजन कमी करायच्या ऑपरेशनला १४ महिने झाले त्याचा. वजन झालं, ८७.२. बीपी झालं, रिपोर्ट फाइलला लागले आणि डाएटिशियन मॅडमनी माझा नेहमीचा कागद पुढे ओढला. त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आहे, त्यावर 'टार्गेट वजन' छापलंय. इतके महिने ती रिकामीच होती, कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी विषय काढला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पेन टेकवलं आणि सहज विचारलं, "ताई, इथे किती लिहू?" मी जराही न थांबता म्हटलं, "५८." पेन तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, काही हरवलेलं शोधावं तसं, आणि विचारलं, "५८च का?" मी म्हटलं, "तेच माझं खरं वजन आहे ना." त्या काही बोलल्या नाहीत. टोपण लावलं आणि म्हणाल्या, "बरं, हे आपण पुढच्या वेळी भरू. तोपर्यंत हा आकडा कुठून आला ते आठवून ठेवाल?"

एवढंच झालं. पण घरी येईपर्यंत आणि नंतर कितीतरी दिवस ते माझंच वाक्य मला टोचत राहिलं. खरं वजन म्हणजे काय? मग १२४ होतं ते काय खोटं होतं? त्याच १२४ किलोंनी मी मुलीला कडेवर घेऊन रात्र रात्र फेऱ्या मारल्यात, नोकरी केलीय, आजारी माणसांच्या उशाशी बसलेय. एवढी वर्षं जगले ती काय कोणा दुसऱ्याच बाईच्या शरीरात? आणि आज जी ८७ची आहे, जिला १४ महिन्यांत ३७ किलो उतरवून इथवर आणलंय, तिला पण मी खोटीच ठरवून मोकळी झाले होते, एका शब्दात.

तेव्हा माझं काय चाललं होतं ते सांगायलाच हवं, कारण घरात कोणालाच माहीत नव्हतं. ११ आठवडे काटा ८७ आणि ८८ च्या मध्ये अडकला होता. सकाळी उठलं की दात घासायच्या आधी काट्यावर. काच गार असते, पाय ठेवला की आकडे पळायला लागतात, ८६.८, ८७.५, ८७.१, आणि मग थांबतात तेव्हा माझा श्वास पण थांबलेला असायचा. कधी काटा दुसऱ्या फरशीवर सरकवून बघायचा, कधी उतरून परत चढायचं. वर आलं की त्या दिवशीचं एक खाणं कमी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन जायला पाहिजे हे मला पाठ आहे, पण माझं ३५च्या वर जात नव्हतं आणि चालणं मात्र दीड तासावर गेलं होतं. केस चौथ्या महिन्यात गळले होते, तेव्हा सगळ्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, वजन झपाट्याने उतरलं की असं होतं आणि थांबतं, आणि थांबलंही. आता परत कंगव्यात गुंता दिसायला लागला. एका सकाळी बाथरूममध्ये खाली वाकून उठले तर सगळं काळं झालं, नळ घट्ट धरून उभी राहिले, नळाचा गारवा तळहाताला अजून आठवतो. बाहेरून मुलीने विचारलं, "आई, झालं का तुझं?" मी म्हटलं, "आले."

५८साठी चाललं होतं ते सगळं.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढायचा, राहतं ते केळ्यासारखं निमुळतं, आणि जो भाग जातो त्यातच घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन जास्त तयार होतं म्हणून सुरुवातीला भूकच हरवते. मग त्यांनी त्याच कागदावर खाली लिहिलं होतं, 'एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के'. बोललेही होते की तुमचं १२४ आहे, म्हणजे ८७ ते ९३च्या आसपास तुम्ही स्थिर व्हाल असं धरून चाला, काहींचं जास्त उतरतं, काहींचं कमी. मी मान हलवली होती. परवा तो कागद फाइलमधून काढून बघितला, त्यांच्या अक्षरात ८७ स्पष्ट लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. मी ते ऐकलं होतं आणि मनात म्हटलं होतं, हे बाकीच्यांसाठी, मी जास्त कष्ट करीन. आणि आता बरोब्बर तिथे येऊन पोचले होते, त्यांनी सांगितलं तिथेच, आणि नापास झाल्यासारखी बसले होते.

नंतर वाचताना कळलं की हे माझ्या एकटीचं नाही. अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि थॉमस वॉडन वगैरे संशोधकांनी १९९७ मध्ये ६० लठ्ठ बायकांना उपचाराआधी विचारलं होतं की तुम्हाला किती वजन हवंय. सरासरी उत्तर निघालं आत्ताच्या वजनाच्या ३२ टक्के कमी. १७ किलो उतरलं तर ती निराशा होईल असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ४८ आठवड्यांनी त्यांचं सरासरी १६ किलो उतरलं, ते सुद्धा ऑपरेशनशिवाय, डाएट आणि व्यायामावर. १६ किलो! कोणाच्याही गुडघ्यांना विचारा १६ किलो म्हणजे काय. आणि जवळजवळ निम्म्या जणींना 'निराशाजनक' म्हणून ठरवलेला आकडासुद्धा गाठता आला नव्हता. हे वाचून मी मोबाइल उलटा ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. मी तर ५३ टक्के उतरवायला निघाले होते, १२४ वरून ५८ म्हणजे तेवढंच होतं, हिशोब मी त्या रात्री पहिल्यांदा केला.

खरं सांगायचं तर तक्ते माझ्या बाजूने होते, म्हणूनच तो आकडा मला कधी वेडगळ वाटला नाही. माझी उंची १६० सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५ धरला तर ६४ किलो. आशियाई लोकांना कमी वजनातच शुगर वगैरेचा धोका सुरू होतो म्हणून आपल्यासाठी २३ची रेघ सांगतात, त्या हिशोबाने ५८.९. म्हणजे झालंच की! पण या बीएमआयचा हिशोब ज्याने मांडला तो केतले डॉक्टर नव्हताच, बेल्जियमचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ, १८३०च्या दशकात तो सरासरी माणूस कसा असतो ते शोधत होता. त्या हिशोबाला बॉडी मास इंडेक्स हे नाव मिळालं थेट १९७२ मध्ये, अ‍ॅन्सेल कीज या संशोधकाकडून, आणि तेही लोकांच्या मोठ्या गटाचा अभ्यास करायला सोपं पडतं म्हणून. 'आयडियल वेट' म्हणून जे सूत्र इंटरनेटवर टाकलं की लगेच उत्तर देतं, त्यातलं एक १९७४चं डिव्हाइनचं, ते तर औषधाचा डोस ठरवायला काढलेलं. माझ्या उंचीला ते ५२.४ सांगतं. ५२.४! एका अँटिबायोटिकच्या डोससाठी केलेलं गणित मी रात्री दोन वाजता अंधारात मोबाइलवर बघून रडले आहे. धोका कुठून सुरू होतो हे सांगायला रेघ लागते, ते मला मान्य आहे, पण ज्या शरीराने १२४ पाहिलंय त्याने कुठे येऊन थांबावं हे त्या रेघेला कुठून माहीत असणार.

तरी मॅडमचा प्रश्न राहतोच. मी ५८.९ नव्हतं म्हटलं, ६४ पण नाही. ५८. कुठून?

उत्तर मिळालं एका फोटोत. कपाट आवरताना कॉलेजचं जुनं ओळखपत्र सापडलं, लॅमिनेशनचा एक कोपरा सुटलेला. त्यातली मुलगी बघून पोटात काहीतरी हललं. गालाची हाडं वर आलेली, मान लांब, गळ्याशी खळगे, डोळे मोठे मोठे. मी १९ वर्षांची. हीच ती ५८ची. या फोटोसारखं दिसायचं म्हणून मी २० वर्षं काय काय केलं, किती डाएट धरली आणि सोडली, फोटो जवळ नसतानाही तो डोळ्यासमोर असायचा. आणि ओळखपत्र हातात धरून उभी असताना हळूहळू बाकीचं आठवायला लागलं. त्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. तापाच्या आधी मी ७१ होते, शाळेपासूनच अंगाने भरलेली, वर्गात वजनं घ्यायचे तेव्हा बाई आकडा मोठ्याने वाचायच्या आणि मागच्या बाकांवरून हसू यायचं, ते हसू मी अजून ओळखते कुठेही. मग ताप आला, उतरला, परत उलटला, सगळं मिळून दीड महिना गेला. कॉलेजला परत गेले तेव्हा १३ किलो कमी झाले होते. आणि सगळं जग बदललेलं. ज्या मुली बोलायच्या नाहीत त्या बोलायला लागल्या, "अगं कसली बारीक झालीस, काय केलंस?" नातेवाईक कौतुक करायला लागले. मावशीने तर माझा चेहरा दोन्ही हातात धरून म्हटलं होतं, "आता अशीच राहा." पुढच्या आठ-दहा महिन्यांत मी परत ७४ झाले, आणि मला कायम वाटत राहिलं की मी काहीतरी मिळवलेलं हातचं घालवलं.

मी आईला फोन केला. म्हटलं, आई, ते माझं ओळखपत्र सापडलं, त्या वर्षी मी किती छान दिसायचे ना. पलीकडे आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मला तो फोटो बघवत नाही गं. त्या वर्षी तू जिना उतरताना भिंत धरायचीस. एक पायरी, मग थांबायचीस, मग दुसरी. मी खालून बघत असायचे, हाक मारायची पण भीती वाटायची, दचकून पडशील म्हणून." मला हे अजिबात आठवत नव्हतं. भिंत आठवत नव्हती. मावशीचे हात आठवत होते, मुलींचे आवाज आठवत होते, भिंत कुठेच नव्हती. आई पुढे म्हणाली, "रात्री उठून तुझ्या अंगावर हात ठेवून बघायचे. नुसती हाडं लागायची." आणि मग तिने विचारलं, आता चक्कर वगैरे येत नाही ना? मी नाही म्हटलं. मग म्हटलं, येते. आणि मग सगळंच सांगितलं, नळाचं, कंगव्याचं, ३५ ग्रॅमचं.

फोन ठेवल्यावर मी खूप रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. थोडं त्या १९ वर्षांच्या मुलीसाठी, जिला आजारी पडल्यावर पहिल्यांदा कोणी छान म्हटलं. थोडं ५८साठी सुद्धा, कारण ते आता मिळणार नाही हे कुठेतरी आत कळलं होतं आणि २० वर्षं जपलेली गोष्ट अशी सोडून देताना कोणालाही वाईट वाटणारच.

फॉलोअपच्या बाकावर एक काका भेटतात अधूनमधून. १७८ वरून ११२ वर आलेत. त्यांनी मला एकदा स्वतःचे बूट दाखवले होते, लेसवाले. आधी सात वर्षं नुसत्या चपला, कारण वाकताच यायचं नाही. "मला ९५ करायचं होतं ताई," ते म्हणाले, "पण सहा महिने इथेच आहे. रोज सकाळी लेस बांधतो, दोन गाठी मारतो." आणि खरंच दोन गाठी होत्या, नीट, एकसारख्या. त्याच बाकावर त्याच दिवशी एक बाई होती, माझ्याहून लहान, ६१ किलोची, बाहेर कोणी बघितलं तर तिला इथे काय काम असंच वाटेल, आणि ती रुमालात तोंड घालून रडत होती कारण तीन किलो वाढले होते. मी त्या दोघांच्या मध्ये बसले होते. तिला सांगावंसं वाटलं की असं होतं, सगळ्यात कमी वजन बहुतेकांचं १२ ते १८ महिन्यांत येतं आणि नंतर थोडं वर सरकून बसतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लोकांचा अभ्यास केलाय, त्यात जठराचं बायपास ऑपरेशन केलेल्यांचं पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं आणि १० वर्षांनी ते २५ टक्क्यांवर होतं, आणि तरी त्या अभ्यासात ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न केलेल्यांपेक्षा कमी निघालं. पण रडणाऱ्या माणसाला आकडे कोण सांगणार. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, शर्टाच्या आतून मणके लागले.

घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले, पूर्ण, दिवा लावून. हे मी १४ महिन्यांत केलं नव्हतं. दंडाखाली कातडी लोंबते, हात वर केला की ती जराशी उशिरा मागून येते. पोटावरची घडी इतकी मऊ की तिथे रोज कोरडं करून पावडर लावावी लागते, नाहीतर लाल होतं. हे सगळं वजनात धरलेलं असतं, काही किलो नुसती रिकामी कातडी, जी कितीही चाललं तरी जाणार नाही, आणि डॉक्टर म्हणतात ती काढायची असेल तर आधी वजन निदान सहा महिने एका जागी राहू दे. मोठं वजन वर्षानुवर्षं उचललेल्या शरीराची हाडंही त्या वजनाला सरावलेली असतात. त्यात भूक परत आलीय, दहाव्या महिन्यापासून, हळू आवाजात, पण आलीय. शरीराला उतरलेलं वजन म्हणजे संकट वाटतं, ते खर्च कमी करतं. केव्हिन हॉल यांनी २०१६ मध्ये टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या लोकांना सहा वर्षांनी परत तपासलं तर त्यांची शरीरं अजून रोज अपेक्षेपेक्षा ५०० कॅलरी कमी जाळत होती. ऑपरेशनमुळे ही ओढ बरीच सैल होते, तेच तर ऑपरेशनचं काम, पण ती पूर्ण सुटत नाही. मी ज्या ११ आठवड्यांना माझा आळस समजत होते ते माझं शरीर मला सांगत होतं की इथे मी उभं राहू शकतं.

आणि त्याच आरशात गळ्याशी हाड दिसलं. फोटोतल्यासारखा खळगा नाही, नुसती एक रेघ, त्वचेखाली. बोट फिरवून बघितलं. मग खुर्चीत बसून पायावर पाय टाकला, जो दोन वर्षांपूर्वी पडायचाच नाही, टाकला की घसरायचा. आता कडक खुर्चीवर माकडहाड दुखतं, आधी तिथे गादी होती, आता नाही. शुगरची एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ८.४ होती ती ५.६ झालीय, गोळ्या बंद आहेत. झोपेचं मशीन कपाटात वरच्या खणात आहे, रात्री घोरणं थांबलंय असं नवरा सांगतो, आणि हेही सांगतो की आधी तो माझा श्वास अडकला की जागा व्हायचा आणि परत सुरू होईपर्यंत मोजत बसायचा. हे त्याने मला तेव्हा कधीच सांगितलं नव्हतं. ८७वर हे सगळं झालंय. ५८वर यातलं अजून काय वेगळं झालं असतं ते मी मनाशी शोधून बघितलं, मला मावशीचे दोन हात सोडून काही सापडलं नाही.

तरी मी खोटं बोलणार नाही, कोणी ३० टक्क्यांच्या पुढे गेलं, बीएमआय २५च्या आत आलं असं ऐकलं की अजून जळतं आतून. ट्रायल रूममध्ये लार्ज होत नाही तेव्हा अजून वाटतं की पाच किलो, फक्त पाच. काही जणांचं खरंच जातं, सुरुवातीचं वजन कमी असेल, वय कमी असेल, शरीराने साथ दिली तर. मला त्यांचा आनंद खोटा वाटत नाही. पण मला आता दर वेळी स्वतःला एक गोष्ट विचारायची सवय लावायचीय, की हा आकडा टिकवायला मला रोज काय खावं लागेल, काय सोडावं लागेल, आणि तसं मी मुलीसमोर दहा वर्षं जगू शकते का. नळ धरून नाही जगू शकत.

परवा परत गेले. वजन ८८.१, म्हणजे वाढलं, कारण या महिन्यात मी नीट खाल्लं, प्रोटीन ७०पर्यंत नेलं, हलके डंबेल उचलायला सुरुवात केली. काट्यावरून उतरताना छातीत जरा धस्स झालं, झालंच. मॅडमनी कागद काढला आणि चौकट तशीच रिकामी. मी त्यांना टायफॉइडचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, मग पेन माझ्याकडे सरकवलं, "तुम्हीच लिहा." मी लिहिलं ८५ ते ९०. चौकट एकाच आकड्यापुरती केलेली आहे, दुसरा आकडा मावेना, तो रेघेच्या बाहेर गेला. मला वाटलं त्या दुसरा कागद काढतील. त्यांनी तोच फाइलला लावला आणि विचारलं, "बी-ट्वेल्व्ह आणि आयर्न चालू आहे ना? आणि दुपारी नेमकं काय जातंय ते सांगा मला आज, सगळं."

मी सांगायला लागले.